गाडी गेली, कर्ज राहिले!

भिवापूरच्या बसस्थानकाजवळ सवारीची वाट पाहत उभी असलेली काळीपिवळी जीप बाहेरच्या माणसाला नुसती जीप दिसते. आम्हाला तिच्यात एक अख्खे घर दिसते. बापाच्या नावावर शेत नाही, नोकरीचे वय उलटून गेलेले, खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली किती दिवस राबायचे हा प्रश्न, आणि आईने मिरचीच्या सातऱ्यावर देठे खुडून गाठीला बांधलेले चार पैसे. त्या पैशातून पहिला भरणा करून हप्त्यावर घेतलेली ती गाडी असते. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या कुणी पत दिली नाही, त्या समाजाच्या पोराला शोरूममधला फायनान्सवाला "या साहेब, बसा" म्हणतो, चहा पाजतो आणि अर्ध्या तासात पस्तीस-चाळीस सह्या घेतो. कागद इंग्रजीत असतो. पोरगा तो वाचत नाही. वाचून कळणार नाही हे त्यालाही ठाऊक असते आणि फायनान्सवाल्यालाही!

आज ज्यांची हकीकत सांगायची आहे ते आमच्या चळवळीतले कार्यकर्ते आहेत. नाव देत नाही, कारण त्यांना याच गावात राहायचे आहे आणि मुलीचे शिक्षण अजून व्हायचे आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना दीक्षाभूमीवर नेऊन आणणारा हा माणूस आधी दुसऱ्याची गाडी चालवत असे. स्वतःची जीप त्यांनी घेतली जानेवारी २०२० मध्ये. त्यामागे हिशेब होता. भिवापूरवरून धावणारी नागपूर-नागभीड ही छोटी रेल्वे नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. रेल्वेची सवारी आता रस्त्यावर येणार, जीपला दिवसाला दोन फेऱ्या जास्त मिळणार, असा तो हिशेब. चूक काहीच नव्हती. दोन महिन्यांनी टाळेबंदी लागेल हे तर दिल्लीत बसलेल्यांनाही माहीत नव्हते!

मार्चपासून जीप दारात उभी. रिझर्व्ह बँकेने आधी तीन महिने आणि मग ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली. आमच्या कार्यकर्त्यांना वाटले, सरकारने सहा हप्ते माफ केले. अनेकांना तसेच वाटले. पण ती माफी नव्हती, फक्त मुदत होती. सहा महिने हप्ता थांबला, व्याज मात्र थांबले नाही. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काळातल्या व्याजावरचे व्याज घेण्यास मनाई केली, मूळ व्याज कायम राहिले. नंतर दुसरी लाट आली. हप्ते पुन्हा तुंबले. एके दिवशी सकाळी उमरेड रोडवर सीझिंगवाल्यांनी गाडी आडवी लावली, सवारी खाली उतरवली, किल्ली काढून घेतली आणि जीप ओढून नेली. आठ-दहा बाया डोक्यावर गाठोडी घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. त्यांच्यासमोर झालेला अपमान हा माणूस आजही विसरलेला नाही.

त्यांना वाटले, गाडी गेली, विषय संपला. तीन महिन्यांनी पत्र आले. गाडी यार्डातून लिलावात विकली, आलेली रक्कम कर्जातून वजा केली, दंड, यार्डाचे भाडे आणि ओढून नेण्याचा खर्च मिळवला, आता दोन लाखांवर बाकी भरा! फोनवर आमच्या कार्यकर्त्यांनी सरळ विचारले, "गाडी तं नेली ना तुम्ही, आता पैसे कायचे?"

हा प्रश्न भोळा वाटतो, पण आम्ही अलीकडे ज्यांना ज्यांना भेटलो त्या प्रत्येकाने हाच प्रश्न केला. म्हणून त्याचे उत्तर नीट सांगितले पाहिजे. हप्त्याची गाडी म्हणजे कर्जाला तारण ठेवलेली वस्तू. तारण विकून कर्ज फिटले नाही तर उरलेले कर्ज माणसाच्या डोक्यावर राहते. गाडी परत करणे म्हणजे कर्ज परत करणे नव्हे. जो स्वतःहून गाडी नेऊन देतो, त्यालाही हाच नियम लागू. इतकेच की ओढून नेण्याचा खर्च वाचतो आणि रस्त्यावरचा तमाशा टळतो.

आता नवीन पद्धत निघाली आहे. नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी करणारी आपली मुले गाडी विकत घेत नाहीत, महिन्याच्या भाड्याने वर्षानुवर्षांसाठी घेतात. पगारातून पैसे कापले जातात. यात गाडी पहिल्या दिवसापासून कंपनीचीच. नोकरी गेली, पगार थांबला, म्हणून गाडी परत केली तर मुदतीआधी करार मोडल्याचे पैसे मागितले जातात. किती, ते करारात लिहिलेले असते, आणि करार, पुन्हा तेच, कुणी वाचलेला नसतो. भिवापूरची जीप आणि मिहानची चकचकीत गाडी यांत हप्ता भरणाऱ्याची अवस्था सारखीच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तर दोघांना एकाच ओळीत बसवले आहे. हप्त्याने, भाडेपट्ट्याने किंवा तारणावर घेतलेल्या गाडीचा 'मालक' कोण, तर त्या कराराखाली ज्याच्या ताब्यात गाडी आहे तो. म्हणजे गाडी दुसऱ्याची, पण अपघात झाला तर जबाबदारी ताबेदाराची.

म्हणूनच गाडी कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाच्या ताब्यात गेली याचा कागद हा लाखमोलाचा असतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार प्रकरणात सांगितले की गाडी विकली पण आरटीओच्या दप्तरी नाव बदलले नाही, तर अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकाकडूनच घेतली जाईल. आमच्या कार्यकर्त्यांच्या जीपचे काय झाले? लिलावात ती कुणीतरी घेतली आणि पुढचे सात-आठ महिने तिचे चलान यांच्या मोबाईलवर येत राहिले! गाडी दुसऱ्या जिल्ह्यात धावते आहे, दंड भिवापूरच्या माणसाला! चलान आले म्हणून निदान कळले तरी. अपघात झाला असता तर कोर्टाच्या समन्सनेच कळले असते. गाडी ओढणाऱ्याकडून तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा, आत असलेल्या वस्तूंची यादी आणि सहीचा कागद मागितला पाहिजे. देत नसेल तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घेतली पाहिजे, आणि आरटीओलाही कळवले पाहिजे.

सीझिंगवाल्यांना रस्त्यावर दादागिरी करण्याचा अधिकार कुणी दिला? कुणीच दिलेला नाही. प्रकाश कौर प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुंड लावून गाड्या उचलण्याच्या प्रकाराला सडकून फटकारले. वित्तकंपन्यांना रिझर्व्ह बँकेने घालून दिलेला दंडक आहे की ताबा घेण्यापूर्वी नोटीस किती दिवसांची, विक्रीपूर्वी कर्जदाराला शेवटची संधी कशी, विक्री कशा रीतीने, हे सारे करारात लिहिलेले असले पाहिजे. कर्जदाराला कळेल अशा भाषेत पत्रव्यवहार झाला पाहिजे. कराराची प्रत सर्व जोडपत्रांसह त्याला दिली पाहिजे. २०२२ मध्ये असेही बजावले की वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. मराठीत कागद मागणे हा हट्ट नाही, हक्क आहे. पण भिवापुरातल्या किती जणांनी तो मागितला? आम्ही विचारले तेव्हा एकानेही नाही.

एवढे कर्ज अंगावर आले तर "दिवाळखोरी जाहीर करून टाकू" असे सल्ले देणारे गावोगावी भेटतात. टीव्हीवर अमेरिकेच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. तिथे दिवाळे काढणारा माणूस भाड्याची गाडी परत करून उरलेल्या देण्यातून सुटू शकतो. त्याच्या पतनोंदीत दिवाळखोरी जास्तीत जास्त दहा वर्षे राहते, मग पुसली जाते. नवी सुरुवात करण्याचा हक्क तिथल्या कायद्याने मान्य केला आहे. आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे भिवापूरच्या माणसासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. इंग्रजांच्या काळचा! पाचशे रुपयांचे कर्ज असलेला माणूस जिल्हा न्यायालयात 'नादार' ठरवून घेण्यासाठी अर्ज करू शकतो. पण त्या कायद्यानेही तारण ठेवलेल्या गाडीवरचा सावकाराचा हक्क जात नाही आणि कर्जदार सुटला तरी जामीनदार सुटत नाही. शिवाय ज्याला नादार ठरवले आणि अजून मुक्तता मिळाली नाही, तो संविधानाच्या अनुच्छेद १०२ व १९१ प्रमाणे खासदार-आमदार होऊ शकत नाही. उमरेड मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. जीपचा हप्ता थकून नादार ठरलेल्या आपल्या कार्यकर्त्याला त्या राखीव जागेचा अर्जसुद्धा भरता येणार नाही, हे ध्यानात घ्या.

२०१६ मध्ये दिवाळखोरीचा मोठा नवा कायदा आला. त्यात गरिबांसाठीही एक प्रकरण आहे. वर्षाचे उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत आणि स्वतःचे घर नाही, अशा माणसाला कर्जातून मोकळे करून नवी सुरुवात करू देण्याची तरतूद त्यात आहे. आकडे पाहा, इतक्या लहान आकड्यांत जीपचे कर्ज बसणारच नाही! मोठ्या कर्जाच्या माणसासाठी परतफेडीची योजना आणि मग दिवाळखोरी, असाही मार्ग लिहून ठेवला आहे. पण हे सारे कागदावरच आहे. कंपन्यांसाठीचा भाग लागू झाला. व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला हमी देणाऱ्यांपुरता लागू केला. जीपवाला, पानठेलेवाला, मिरची व्यापाऱ्याकडचा दिवाणजी, यांच्यासाठी तो आजतागायत लागू झालेला नाही.

आणि कंपन्यांचे काय? आपल्याच औरंगाबादच्या मातीत वाढलेल्या व्हिडिओकॉनचे उदाहरण घ्या. सुमारे ६४,८०० कोटींच्या मान्य दाव्यांसमोर सुमारे २,९६२ कोटींची योजना जून २०२१ मध्ये कंपनी न्यायाधिकरणाने मंजूर केली होती. शंभर रुपयांमागे पाच रुपयेसुद्धा नाहीत! पुढे जानेवारी २०२२ मध्ये अपिलात ती रद्द झाली हे खरे, पण अशी योजना मांडता येते, तिच्यावर बँका मतदान करतात, न्यायाधिकरण ती ऐकते, एवढा मानमरातब मोठ्या कर्जाला मिळतो. त्याच २०२१ साली भिवापूरची जीप रस्त्यावर आडवी लावून नेली. तिच्यासाठी कोणते न्यायाधिकरण बसले होते?

शासनाने गरिबाचे कर्ज पुसू नये असे कुठे लिहिले आहे? याच महाराष्ट्राने १९७५ मध्ये कर्जमुक्तीचा कायदा करून अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर आणि मजुरांना सावकाराच्या कर्जातून सोडवले. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७७ मध्ये हरले. मात्र तो कायदा सावकारासाठी होता, बँकांच्या कर्जाला तो लागू नव्हता. आज सावकाराची जागा वित्तकंपनीने घेतली आहे.

सावकाराचा विषय निघाला म्हणून सांगतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले. त्यांनी बहुतेक ठिकाणी सावकाराला मारले नाही. त्यांनी कर्जरोखे हिसकावले आणि जाळले. त्यांना नेमके ठाऊक होते की आपल्याला बांधून ठेवणारी वस्तू सावकाराच्या लाठीत नाही, वहीत आहे. त्या उठावानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला.

आजची वही जाळता येत नाही. ती मुंबईच्या संगणकात आहे. लोक तिला सरसकट 'सिबिल' म्हणतात. सिबिल ही कंपनी २००० साली निघाली. २००५ च्या कायद्याखाली आज अशा चार कंपन्या काम करतात: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. तुमचा प्रत्येक हप्ता वेळेवर गेला की किती दिवस उशिरा गेला, याची नोंद कर्ज देणारी संस्था त्यांना कळवते. त्यावरून ३०० ते ९०० मध्ये एक आकडा तयार होतो. ही माहिती किमान सात वर्षे जपून ठेवण्याचा नियम आहे. माणूस गरिबी विसरतो, वही विसरत नाही.

आमच्या कार्यकर्त्यांना या वहीची ओळख २०२४ मध्ये झाली. त्याआधी २०२२ मध्ये त्यांनी फायनान्सवाल्यांशी तडजोड केली होती. बायकोची पोत मोडली, बचतगटातून पैसे उचलले, मागितलेल्या रकमेच्या निम्म्याहून थोडे कमी भरले आणि "आता काही बाकी नाही" असे ऐकून घरी आले. मुलगी बारावी चांगल्या गुणांनी पास झाली. नागपुरात फार्मसीला नंबर लागला. शैक्षणिक कर्जासाठी बापलेक बँकेत गेले. अधिकाऱ्याने संगणकात पाहिले आणि म्हणाला, "काका, तुमच्यावर बाकी दिसते. सहकर्जदार तुम्ही चालणार नाही." केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका प्रकरणात सांगितले की विद्यार्थ्याचा सिबिल आकडा कमी आहे म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही. पण इथे मुलीचा आकडा नव्हता, बापाचा होता. जीप गेली तेव्हा ज्याच्या डोळ्यांत पाणी आले नाही, तो माणूस त्या दिवशी बँकेच्या पायरीवर रडला.

आम्ही त्यांना घेऊन बसलो. चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. हा नियम २०१७ पासून आहे, आणि तरी गावातले एजंट त्यासाठी पाचशे-हजार रुपये घेतात. पॅन कार्ड आणि मोबाईल एवढ्यावर तो निघाला. त्यात जीपच्या कर्जासमोर लिहिले होते 'राइट-ऑफ', आणि पुढे बाकी रक्कम! म्हणजे तडजोडीचे पैसे कंपनीने घेतले, पण वहीत नोंद केलीच नाही. 'राइट-ऑफ' शब्दाने फसू नका. त्याचा अर्थ कर्ज माफ झाले असा नाही. कंपनीने आपल्या हिशेबात ते बुडीत धरले, एवढाच. वसुलीचा हक्क ती सोडत नाही.

सुदैवाने तडजोडीचे पत्र आणि पैसे भरल्याची पावती त्यांच्या बायकोने पत्र्याच्या पेटीत, मुलीच्या जातप्रमाणपत्राबरोबर ठेवली होती. आमच्या घरांत जातप्रमाणपत्र कधी हरवत नाही! त्या दोन कागदांच्या आधारे कंपनीकडे आणि पतनोंद संस्थेकडे तक्रार केली. तीस दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर एकतीसाव्या दिवसापासून रोज शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे, आणि आम्ही तो अर्जात मुद्दाम लिहिला. पंचविसाव्या दिवशी दुरुस्ती झाली. दाद मिळाली नसती तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, तिथला मदत क्रमांक १४४४८.

पण दुरुस्ती झाली म्हणजे काय झाले? बाकी शून्य झाली आणि 'राइट-ऑफ'च्या जागी 'सेटल्ड' आले. 'क्लोज्ड' नाही. 'सेटल्ड' म्हणजे याने पूर्ण पैसे दिले नाहीत, तडजोड केली, असा शिक्का. बँका त्याकडेही वाकड्या नजरेने पाहतात. तडजोड करताना फायनान्सवाला हे सांगत नाही. पूर्ण भरण्याची ऐपत असेल तर दंड आणि खर्च कमी करून घ्यावा, मुद्दल-व्याज पूर्ण भरावे आणि 'क्लोज्ड' लिहून घ्यावे. ऐपत नसेल तर तडजोड करावी, पण पोटाला चिमटा घेऊन भरलेल्या पैशाने काय लिहिले जाणार आहे हे आधी लेखी घ्यावे. मुलीला शेवटी मामाच्या सहीने कर्ज मिळाले, एक सत्र उशिरा. पहिल्या सत्राची फी वस्तीने वर्गणी काढून भरली.

यात आणखी एक धोका आहे, आणि तो आमच्या लोकांना फार महागात पडतो. कर्ज देताना घेतलेले कोरे धनादेश. कर्ज थकले म्हणून तुरुंग होत नाही. जवळ काहीच नसताना केवळ पैसे देता आले नाहीत म्हणून माणसाला कोठडीत टाकणे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात चूक ठरवले आहे. पण धनादेश न वटला तर तो फौजदारी गुन्हा होतो, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैसे नसल्याने परत गेला तरी तसेच. म्हणून कोर्टाचे पाकीट आले तर ते न घेता परत पाठवू नका. तडजोड झाली की दिलेले धनादेश मोजून परत घ्या.

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ मध्ये निघाले ते आमच्या पोराला सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून. त्याची बीजभांडवल योजना बँकेच्या कर्जाला जोडलेली आहे. बँक सिबिल पाहते आणि महामंडळाची फाईल तिथेच अडते. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये शेतीला पाणी, अवजारे, बियाणे शासनाने पुरवावे असे मांडले होते. पतीची जबाबदारी शासनावर टाकणारा तो विचार कुठे, आणि पीक कर्जालासुद्धा सिबिल मागू नका असे मुख्यमंत्र्यांना बँकांना पुन्हा पुन्हा बजावावे लागते ही आजची अवस्था कुठे! महामंडळाने बँकेच्या आकड्यावर विसंबून न राहता थकबाकीचे कारण पाहावे, २०२०-२१ च्या टाळेबंदीत बुडालेल्यांचा वेगळा विचार करावा, आणि केंद्राने २०१६ च्या कायद्यातला व्यक्तींचा भाग त्यातले आकडे वाढवून लागू करावा, ही मागणी आम्ही उमरेडच्या आमदारांकडे आणि जिल्ह्यातल्या खासदारांकडे लेखी देणार आहोत.

तोवर भिवापुरातले एक काम बाकी आहे. जीपच्या कर्जाला आमच्या कार्यकर्त्यांचे एक साडू जामीन होते. ते पवनीकडे राहतात, त्यांनी आयुष्यात कधी कर्ज काढले नाही, आणि त्यांचा अहवाल अजून कुणी पाहिलेला नाही. येत्या रविवारी ते पॅन कार्ड घेऊन विहारात येणार आहेत. त्यांच्याबरोबर वस्तीतले आणखी सात जण येतो म्हणाले आहेत.